स्लो कुकरमध्ये बीफ-राजमा चिली (मेक्सिकन धाटणीचा दाट रस्सा) करताना राजमा आधी उकळावाच लागतो का?

होय, ही पायरी गाळू नये. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते नष्ट होण्यासाठी पाणी खळखळून उकळावे लागते, आणि स्लो कुकरचे तापमान, विशेषतः मंद आचेवर, तेवढे वाढेलच असे नाही. उलट ८० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. म्हणून राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून टाकावे आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटे उकळावा. प्रेशर कुकरमध्ये मऊ शिजवून घेतला तर उत्तमच, कारण टोमॅटोच्या आंबटपणात राजमा लवकर मऊ होत नाही.

बाकी काम सोपे आहे. अर्धा किलो बीफचे तुकडे कढईत तांबूस परतून कांदा, लसूण, जिरे, टोमॅटो आणि राजम्यासह मंद आचेवर सुमारे ८ तास ठेवावेत; मधूनमधून झाकण उघडू नये. मेक्सिकन मिरची शोधत बसण्यापेक्षा गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची वापरावी, रंग सुरेख येतो. माडाचे व्हिनेगर मात्र सढळ हाताने घालू नये, नाहीतर चिलीऐवजी विंदालूच ताटात येईल. सोबत गरम पोई (गोव्याचा पाव) असावी.