लिथियमचे भाव इतके पडूनही खाण कंपन्या तग कशा धरतात?

तुर्भ्यात बॅटरी पॅक जोडता म्हणून विचारलंत, तर थेट खर्चाचं सांगतो. 1 टन लिथियम कार्बोनेटला 6 टक्के लिथियम ऑक्साइडचं साधारण 8 टन स्पोड्युमीन, म्हणजे लिथियम असलेलं खनिज, लागतं. चीनमध्ये 2022 च्या अखेरीस या कार्बोनेटच्या टनाला जवळपास 6 लाख युआन मिळत होते. 2024 च्या सुरुवातीला 1 लाखाच्या आसपास.

पहिली कात्री वरचा निरुपयोगी खडक काढण्यावर लागते. नवा थर उघडायचा नाही, उघड्यावरचं उत्तम प्रतीचं खनिज आधी उचलायचं. रोकड लगेच वाचते, पण उघडं खनिज संपलं की ते शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला द्यायला काही उरत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच. ऑस्ट्रेलियात फिनिस या लिथियम खाणीत जानेवारी 2024 मध्ये खोदकाम थांबवून आधी काढलेल्या खनिजाच्या साठ्यावर प्रकल्प चालवला.

बंद खाणीतही पाणी उपसावं लागतं, यंत्रं सांभाळावी लागतात. अनुभवी माणसं गेली की पुन्हा सुरू करायला महिने जातात. तग धरायला पैसाही लागतो: अल्बेमार्ल या अमेरिकी लिथियम कंपनीने मार्च 2024 मध्ये प्राधान्य समभागांतून 2 अब्ज डॉलरहून जास्त उभे केले. चिलीतल्या आटाकामा वाळवंटात खाऱ्या पाण्यातून लिथियम काढणाऱ्या कंपन्यांचा मूळ खर्चच कमी.

म्हणून बॅटरी सेलच्या खरेदीचा करार करताना भाव लिथियमच्या दर निर्देशांकाला बांधा, पण वरची मर्यादा लिहून घ्या. मागणी वाढली तरी बंद खाणी लगेच उघडत नाहीत.