न्हाणीची कडी

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलाला घरी आणायची तारीख जवळ आली की एकच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. मासे विकणाऱ्या एका आईने तो असा विचारला होता, "मॅडम, झिलाक घराक आणू काय मुंबयक भावाकडे धाडू? हय तीच पोरां, तोच बंदर. आणि गावाक कळला तर?"

खरा प्रश्न शेवटचा होता. मी मात्र पहिल्याचंच उत्तर देत बसले.

त्याला इथे बाबू म्हणते. आमच्या सिंधुदुर्गात दर तिसऱ्या घरात एक बाबू असतोच, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. वय तेवीस, वडील नाहीत. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीवर काम करायचा. गांजा आधीपासून होता. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच भेसळीचा प्रकार, आली ती एका पावसाळ्यात. मे संपता संपता पर्यटकांच्या बोटी किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. म्हणजे हातात हंगामाचे पैसे आणि समोर रिकामे दोन महिने. एरवी पहाटे बंदरावर असणारी पोरं तेव्हा दुपारपर्यंत झोपतात आणि रात्री जागतात.

आईला संशय आला तो चपात्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या पन्नीवरून. रोळ भराभर संपायला लागला. पोरं किनाऱ्यावर मासे भाजत असतील, असं तिला वाटलं. मग एकदा माडाच्या झावळांचा ढीग हलवताना पन्नीच्या बोटभर रुंद पट्ट्या सापडल्या, प्रत्येकीवर नागमोडी काळपट रेघ. गर्द पन्नीवर तापवून धूर ओढतात, त्याची ती खूण. त्यातली एक ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली होती. पिशवीला बांगड्याचं खवलं चिकटलेलं होतं. पट्टी टेबलावर ठेवून तिने लगेच पदराने झाकली. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी झाकली.

केंद्रातला पहिला आठवडा वाईटच गेला. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत 'टर्की', म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा येतो, पाय आतून कुणी पिळल्यासारखे दुखतात, जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर होतो आणि आठवडा-दहा दिवसांत उतरतं. इथेच घरच्यांची फसगत होते. अंगातून निघाली म्हणजे सुटली, असं त्यांना वाटतं. मुलालाही तसंच वाटतं. दोन महिन्यांत बाबूच्या गालांवर मांस चढलं. भांडुपचा मामा त्याला ठेवून घ्यायला तयार होता. तिथे ओळखीची पोरं नाहीत आणि आईलाही गावात सांगायला बरं, "नोकरीक गेलोहा." मी होकार दिला.

एकोणिसाव्या दिवशी मामी कामावरून लवकर घरी आली म्हणून तो वाचला. बाथरूमला आतून कडी आणि आतून घोरल्यासारखा आवाज. आंघोळीला गेलेला माणूस घोरत कसा असेल, एवढा विचार त्या बाईला सुचला, हे आमचं नशीब. शेजाऱ्याने दार फोडलं. बाबूचे ओठ निळे पडले होते. १०८ची गाडी वेळेत पोचली.

नंतर तो मला म्हणाला, "मॅडम, पूर्वीच्या निम्मीच घेतलंय."

खोटं बोलत नव्हता. शरीराला गर्दची जी सवय झालेली असते, ती काही आठवडे न घेतल्याने उतरते. जुना डोस, कधी कधी त्याचा अर्धाही, श्वास थांबवायला पुरतो. म्हणून केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे. हे मला माहीत होतं. त्या आईला मात्र मी सांगितलं नव्हतं, कारण निरोपाच्या दिवशी अशुभ कशाला बोला, असं मला वाटलं. माझी ही चूक मी आजही प्रत्येक कुटुंबाला सांगते आणि मगच लक्षणं सांगते. श्वास मंद झाला, घशात घरघर लागली, ओठ-नखं निळसर दिसली, हलवून जाग येत नाही, तर "झोपू दे त्याला" म्हणायचं नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात मीठपाणी-लिंबूपाणी काही ओतायचं नाही आणि १०८ लावायचा. पोलिसांच्या भीतीने लोक इथे वेळ घालवतात. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात ६४ अ कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ते खटल्यापासून संरक्षण देतं. विकणाऱ्याला नाही.

बाबू पुन्हा केंद्रात गेला आणि आईने पुन्हा तोच प्रश्न विचारला. यावेळी मी उलट विचारलं, "गावात कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणाकच नाय."

मी म्हटलं, चार माणसं निवडा आणि त्यांना सांगा. ती तीन दिवस आलीच नाही. मग शेजारच्या काकीपासून सुरुवात केली. काकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माका म्हायत हा गो. तू कधी सांगतंस तेचीच वाट बघत होतंय." आई माझ्याकडे आली ती चिडूनच. दोन वर्षं ती दार लावून रडत होती आणि पलीकडे भिंतीला कान होते! पण याच झाकाझाकीत पुड्या आणून देणारा पोरगा 'बाबूचो दोस्त' म्हणून राजरोस खळ्यात, म्हणजे अंगणात, बसत होता. त्याला हटकणार कोण? माहीत असलेल्यांना माहीत नसल्यासारखं वागावं लागत होतं. त्याला पुढे हाकललं ते काकीने, आणि जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

म्हणून बाबू घरीच आला. बाकीचे तिघे म्हणजे बोटीचा मालक, एक चुलतभाऊ आणि वाडीतले भजनीबुवा. बुवांना मी निवडलं नसतं, पण सोमवार-गुरुवारची संध्याकाळ त्यांनी पखवाजावर गुंतवून टाकली. मानसोपचारतज्ज्ञांनी नाल्ट्रेक्सोन लिहून दिलं. गर्द अंगातून पूर्ण गेल्यावरच ही गोळी सुरू करता येते आणि ती चालू असताना गर्दचा कैफ चढत नाही. गोळी द्यायचं काम काकीकडे, कारण आईने दिली की रोज भांडण. पगाराचं बाबूनेच सुचवलं. मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय काढून टाकली आणि मालकाने पगार आईच्या खात्यात घालावा. आई त्याला देवळात गाऱ्हाणं घालून शपथ द्यायला निघाली होती. गाऱ्हाणं घाला, शपथ नको, असं मी म्हटलं. शपथ मोडली की पोरगा सांगायला यायच्या आधी लपायला शिकतो.

आणि आईने न्हाणीची कडी काढली. दाराला नुसती सुतळी.

मुलाला बाहेर पाठवूच नये, असं मी म्हणत नाही. घरातच कोणी विकत असेल, उधारीवाले मारायला टपले असतील, तर पाठवावं. पण तिकडे गोळी कोण देणार आणि दार कोण वाजवणार, हे आधी ठरवून.

दुसऱ्या महिन्यात तो गांजा ओढून आला. सकाळी काकीला स्वतः सांगितलान. आईने ताट आपटलं, पण डॉक्टरांची तारीख चुकवली नाही.

गणपतीला भांडुपची मंडळी आली. घरात सोळा माणसं. दुसऱ्याच दिवशी मुंबईची एक वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हो, तुमच्या न्हाणीक कडी नाय?" गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगलेली माटवी बांधलेल्या खोलीत सगळे गप्प. मामी खाली बघायला लागली. आईने विषय बदलायला चहाचं विचारलं.

बाबू मोदकांचा नारळ खवत होता. "माझ्यासाठी काढलेली हा," तो म्हणाला. "मी आत मरान म्हणान."

थोडा वेळ फक्त खोबरं खवल्याचा आवाज. मग काकी वहिनीला म्हणाली, "तू जा गो. मी रवतंय भायर."