पी-ई दीड दिसतोय, म्हणून आठ लाख लावावेत का?

नमस्कार,

इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडतो. तुमची आठ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. तुम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहात, मुलगी अकरावीत आहे. म्युच्युअल फंड आणि शेअर मिळून दहा-एक लाख आहेत, त्यात टाटा मोटर्सचे जुने दोनशे शेअर. आता हे आठही लाख टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्समध्ये टाकायचं तुमच्या मनात आहे. कारण 1,179 रुपयांवर गेलेला शेअर साडेतीनशेच्या घरात मिळतोय, अ‍ॅपवर पी-ई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा) दीड दिसतोय आणि अमेरिकेने आयातशुल्क कमी केल्याने 'वाईट काळ सरला'.

यातली पहिली दोन कारणं मला मान्यच नाहीत.

जुलै 2024 मध्ये 1,179 चा भाव होता, तेव्हा त्या शेअरमध्ये ट्रक-बसचा धंदाही होता. 1 ऑक्टोबर 2025 पासून तो वेगळा झाला आणि भागधारकांना एकास एक या प्रमाणात दुसरा शेअर मिळाला. 13 ऑक्टोबरला 660 च्या आसपास बंद झालेला शेअर दुसऱ्या दिवशी 400 ला उघडला, तो यामुळे. मधले 260 रुपये बुडाले नाहीत, ते ट्रकवाल्या कंपनीत गेले. तिची शेअर बाजारात नोंदणी 12 नोव्हेंबरला झाली आणि 'टाटा मोटर्स' हे नावही आता तिच्याचकडे आहे. तुमच्या डीमॅटमध्ये दोन्हींचे दोनशे-दोनशे शेअर दिसायला हवेत, एकदा बघून घ्या. 1,179 शी तुलना करायचीच असेल तर दोन्ही भावांची बेरीज करून करा. घसरण तरीही मोठी दिसेल, पण तुम्ही समजता तेवढी नाही.

पी-ईचं प्रकरण तर आणखी फसवं आहे. सप्टेंबर 2025 च्या तिमाहीत कंपनीने सुमारे 76 हजार कोटींचा नफा दाखवला. त्यात 82 हजार कोटींहून जास्त रक्कम ही विभाजनामुळे हिशेबात आलेला कागदी लाभ होता. तो बाजूला काढला तर उरतो तोटा, सहा हजार कोटींच्या वर. अ‍ॅप बिचारं भावाला चार तिमाहींच्या नफ्याने भागतं आणि दीड हा आकडा समोर ठेवतं. हा लाभ पुन्हा येणार नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी हाच पी-ई भलताच दिसेल.

आता शुल्काकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला खरा मुद्दा तोच आहे. या कंपनीचं भवितव्य मुख्यतः तिच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर, म्हणजे जेएलआरवर, अवलंबून आहे आणि जेएलआरचा अमेरिकेत कारखाना नाही. पूर्वी तिथे गाड्यांवर अडीच टक्के शुल्क होतं. एप्रिल 2025 मध्ये ते साडेसत्तावीस झालं आणि जेएलआरने महिनाभर निर्यातच थांबवली. ब्रिटनशी करार झाल्यावर दर 10 टक्क्यांवर आला, पण वर्षाला फक्त एक लाख गाड्यांपुरता. हा कोटा एकट्या जेएलआरचा नाही, त्यात मिनी आणि बेंटलीही आहेत. शिवाय जेएलआरच्याच डिफेंडर आणि डिस्कव्हरी या गाड्या ब्रिटनमध्ये बनतच नाहीत. त्या स्लोव्हाकियातल्या नित्रा इथून येतात, म्हणजे त्यांना युरोपीय संघाचा 15 टक्के दर.

गाडीची आयात किंमत 60 हजार डॉलर धरली तर पूर्वी शुल्क दीड हजार होतं. आता ब्रिटनमध्ये बनणाऱ्या रेंज रोव्हरवर सहा हजार आणि डिफेंडरवर नऊ हजार. रेंज रोव्हरचं गिऱ्हाईक ते सोसेल कदाचित. पण डिफेंडर ज्यांच्याशी झुंजते त्यातली बीएमडब्ल्यू एक्स5 साउथ कॅरोलिनात बनते आणि मर्सिडीज जीएलई अलाबामात. तिथे भाव वाढवायला फारशी जागा नाही. म्हणजे कमी झालेलं शुल्कही पूर्वीच्या चौपट ते सहापट आहे, आणि ते आता कायमच्या खर्चासारखं धरून चालायला हवं.

तरीही शुल्क हीच एकमेव अडचण असती तर मी एवढा हात आखडता घेतला नसता. 2024-25 मध्ये जेएलआरचं एबिट मार्जिन, म्हणजे व्याज आणि कर वजा होण्यापूर्वीच्या नफ्याचं विक्रीशी प्रमाण, साडेआठ टक्के होतं. 2025-26 साठीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज आधी 10 टक्के होता, जूनमध्ये तो पाच ते सातवर आला आणि नोव्हेंबरमध्ये शून्य ते दोनवर. सप्टेंबरच्या सायबर हल्ल्याने उत्पादन महिनाभराहून जास्त बंद राहिलं, तो एकदाचा फटका म्हणू. पण चीनमधली मंदावलेली मागणी आणि तिथला महागड्या गाड्यांवरचा वाढलेला कर एकदाचे नाहीत. जग्वार तर नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्रतीक्षेत जवळजवळ बाजाराबाहेरच आहे. मार्जिन पुन्हा आठवर गेलं तर आजचा भाव स्वस्त ठरेल, हे मीही मानतो. जाईल की नाही, यावर आठ लाख लावण्याइतकी खात्री मला नाही. (माझ्याकडे यातला एकही शेअर नाही.)

आणि समजा गेलं, तरी कधी? 2015 च्या सुरुवातीला हा शेअर सहाशेच्या आसपास होता. मधे मार्च 2020 मध्ये तो पासष्टपर्यंत उतरला, आणि सहाशे पुन्हा दिसले ते 2023 मध्ये. मुलीची कॉलेजची फी दीड वर्षात सुरू होईल, ती आठ वर्षं थांबणार नाही.

त्यातून तुमचा पगारही याच उद्योगातून येतो. गाड्यांचा धंदा मंदावला तर ओव्हरटाइम, बोनस आणि शेअर एकाच वेळी आटतील. पगार अशा ठिकाणाहून येत असेल तर बचत दुसरीकडे असावी, असं मी वाहन उद्योगातल्या प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडेच.

हिशेब करा. तुमच्या दोन्ही दोनशे शेअरची किंमत मिळून सव्वा लाखाच्या वर जाते, म्हणजे दहा लाखांतला एक-अष्टमांश भाग आजच एका उद्योगात आहे. फंडांमधून अप्रत्यक्ष असेल ते वेगळंच. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: नवीन एकही शेअर घेऊ नका. आहेत ते पॅसेंजर व्हेइकल्सचे शेअर घाईने विकायचीही गरज नाही. कंपनी सावरली तर त्याचा लाभ मिळण्याइतके ते पुरेसे आहेत. जेएलआरचं मार्जिन आणि रोख प्रवाह हे दोन आकडे निदान दोन तिमाही बघा. पुढे विकलेत तर लक्षात ठेवा, शेअर किती काळ ठेवला ती मुदत मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, खरेदी किंमत कंपनीने जाहीर केलेल्या प्रमाणात दोन्हींत विभागली जाते, आणि वर्षभरात सव्वा लाखावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो.

आठ लाखांपैकी पाच-साडेपाच लाख फीच्या वर्षांप्रमाणे मुदती पाडून तीन-चार एफडींत ठेवा. उरलेली रक्कम एखाद्या निर्देशांक फंडात, वर्षभरात दर महिन्याला थोडी थोडी.