वाचकांचे प्रश्न : विडरच्या लिव्हरला रबर बांधू का?

प्रश्न : नमस्कार दादा, वाळवा तालुक्यातून लिहितोय. दिवाळीत ७ एचपीचा पेट्रोल पॉवर विडर (फिरत्या पात्यांनी तण काढायचं यंत्र) घेतला, ऊस आणि घरामागच्या भाजीसाठी. लिव्हर दाबून धरला की पाती फिरतात, सोडला की थांबतात, पण अर्धा एकर होईतो पंजा पार आखडतो. शेजारचे काका म्हणतात लिव्हरला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळ, सगळे तसंच करतात. करू का? आणि रिव्हर्सला मशीन अंगावर येतं त्याचं काय करायचं?

उत्तर : नका बांधू दादा, हात जोडून सांगतो. हात सुटला की पाती थांबावीत म्हणूनच तो लिव्हर तसा दिलाय, रबर बांधलं की तुम्ही पडलात तरी मशीन चालूच राहणार. आमच्या शिवारात एकाने असंच बांधलं होतं, सरीच्या टोकाला वळताना पाय घसरला, हात सुटला आणि पँटचा पायच पात्यात ओढला गेला. कापड गुंडाळून इंजिन बंद पडलं तेव्हा पोटरी फाटलेली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत मी टॉवेलची घडी जखमेवर दाबून बसलो होतो, ती पूर्ण भिजली तरी काढली नाही, वरून दुसरी ठेवली. रक्त असंच दाबून थांबवायचं, हळद-चुना काही भरायचं नाही आणि १०८ ला फोन लावायचा.

आता पंजा का आखडतो ते बघू. बहुतेकदा जमीन कडक असते, पाती रुतायच्या ऐवजी मशीन उड्या मारत पुढं पळतं आणि आपण जीव खाऊन धरून ठेवतो. पाणी देऊन वाफसा येऊ द्या, म्हणजे माती चिखलही नको आणि कोरडी कडकही नको, पहिल्या फेरीत दोन-तीन इंचच घ्या, खोल जायचं ते दुसऱ्या फेरीत. हँडल कमरेच्या उंचीला आणा, क्लचची केबल सुकली असेल तर तेल सोडा, एवढ्याने निम्मा त्रास जातो. तरी हात भरून आला तर थांबा, पाणी प्या. आणि रोज सुरू करताना मोकळ्या जागेत लिव्हर सोडून बघायचा, पाती लगेच थांबली नाहीत तर केबल सेट केल्याशिवाय शेतात न्यायचंच नाही.

रिव्हर्सला पाती तुमच्या पायाकडे येतात हे डोक्यात पक्कं ठेवा. अगोदर रेस पूर्ण कमी, मग मागं वळून बघायचं, मग हळू. पाठीमागं बांध, झाड, भिंत असेल तर रिव्हर्स टाकूच नका, माणूस मधे दाबला जातो, त्यापेक्षा मशीन बंद करून हाताने ओढून वळवा.

ठिबकच्या नळ्या आधी गोळा करा. हराळी किंवा नळी गुंतलीच तर इंजिन बंद, प्लगची टोपी काढायची, मगच हात घालायचा, तोही विळ्याने कापत. चालू मशीनमध्ये नुसतं काठीने काढतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पायात चप्पल नको, गमबूट घाला, गळ्यात उपरणं-मफलर नको, घरातल्या बाईमाणसांनी चालवला तर पदर-ओढणी घट्ट खोचलेली पाहिजे, आणि लहान पोरं त्या वावरातच नकोत.

प्रश्न : दादा, आमच्या पॉलिहाऊसमध्ये विडर चालवला की माझं आणि सासूबाईंचं डोकं दुखतं, मळमळतं. पेट्रोलच्या वासाने होत असेल का? (जुन्नर तालुका)

उत्तर : ताई, नुसता वास समजून सोडू नका. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो आणि बंद जागेत तो साठत जातो. डोकं दुखणं, मळमळणं ही त्याचीच लक्षणं, पुढं माणूस बेशुद्ध पडतो. असं झालं की लगेच दोघींनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठायचा. बाजूचे पडदे पूर्ण वर केल्याशिवाय इंजिन सुरूच करू नका, आणि पडदे उघडूनही हवा खेळत नसेल तर तिथं कुदळ-खुरपंच बरं. पेट्रोल भरायचं तेही बाहेर आणून, सायलेन्सर गार झाल्यावर.