नागीण, जागरण आणि मनाची टोचणी

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या ५७ वर्षांच्या एका ताईंचे पत्र आले आहे. सासूबाईंना विस्मरणाचा आजार असून त्या रात्री-अपरात्री उठून दाराची कडी काढतात, म्हणून ताई जुन्या साडीच्या काठाचे एक टोक त्यांच्या मनगटाला आणि दुसरे स्वतःच्या मनगटाला बांधून झोपतात. महिन्यापूर्वी ताईंच्या कमरेवर डाव्या बाजूला नागीण उठली. गोळ्यांनी फोड सुकले, पण आग अजून थांबलेली नाही. “मुलगा म्हणतो, तू टेन्शन घेतेस म्हणून हे झाले. शेजारच्या काकू म्हणतात, तोंड आणि शेपूट जुळले असते तर वाचली नसतीस. चूक माझीच का?”

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. चूक तुमची नाही.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही; तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो, आणि त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर ओसरला, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. ती वाट अंगाच्या एकाच बाजूची असल्यामुळे फोडांचा पट्टा सहसा मधोमध येऊन थांबतो. काकूंनी सांगितलेले तोंड आणि शेपूट या आजारात नसतेच, तेव्हा ती भीती आजच मनातून काढून टाका.

हा पहारा ढिला पडण्याचे सर्वांत मोठे कारण वय आहे; पन्नाशीनंतर धोका वाढत जातो. मनाचा आणि झोपेचा वाटा त्यानंतर येतो, आणि तो किती, याबाबत प्रामाणिक राहायला हवे. डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या मृत्यूनंतर नागीण वाढते का, हे मोठ्या संख्येने रुग्णांच्या नोंदी तपासून पाहिले गेले, तेव्हा तसा संबंध आढळला नाही. एवढ्या मोठ्या दुःखानेही जे ठामपणे सिद्ध होत नाही, ते “तू टेन्शन घेतेस” या तीन शब्दांत तुमच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही मन आणि शरीर वेगळे नाहीत. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढील माणसांना नागिणीची लस दिली, तेव्हा नैराश्य असूनही उपचार न घेणाऱ्यांच्या शरीराने या विषाणूविरुद्ध क्षीण प्रतिसाद दिला, तर नैराश्यावर औषध घेणाऱ्यांचा प्रतिसाद निरोगी माणसांसारखाच होता. अपुऱ्या झोपेमुळेही लसींना शरीर कमी प्रतिसाद देते, असे इतर प्रयोगांत दिसले आहे. मला यातून एवढेच दिसते, की उदासी आणि जागरण हे स्वभावाचे दोष नाहीत, त्यांच्यावर उपचार होतात, आणि ते करून घ्यायला हवेत.

“सकाळी चहा करतानाही रडू येते” हे तुमच्या पत्रातले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. असे दोन आठवड्यांहून अधिक काळ होत असेल, तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. केईएम रुग्णालय तुमच्यापासून जवळ आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. बाहेर पडणे जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. झोपेची गोळी मात्र मनाने घेऊ नका.

कमरेची आग सोसत बसण्याचेही कारण नाही. वेदनेने झोप मोडते आणि झोप मोडली की वेदना अधिक जाणवते. मज्जातंतूंच्या वेदनेची औषधे नेहमीच्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी असतात आणि त्यांतील काहींनी झोपही लागते, म्हणून “साडीचा काठ लागला तरी जळते” असे स्पष्ट सांगून ती मागून घ्या. त्याच वेळी लसीबद्दलही विचारा. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठीची दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळते आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही ती पूर्ण बरी झाल्यावर घेता येते. ती महाग आहे, पण नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून मुलाने त्या खर्चाचा विचार करावा.

आता मुलासाठी, आणि हे त्याला वाचायला द्या. बाळा, तुझी सकाळची लोकल आणि दिवसभराची नोकरी मला समजते. पण आईला टेन्शन घेऊ नकोस असे सांगून तिची एकही रात्र हलकी होत नाही. दाराला आजीच्या नजरेत येणार नाही अशी वरच्या बाजूला दुसरी कडी बसव आणि त्या कडीला घुंगरू बांध, म्हणजे हात लागताच जाग येईल. आठवड्यातल्या चार रात्री तुम्ही नवरा-बायको आजीजवळ झोपा, आणि आईचे अंथरूण आतल्या खोलीत घालून मधले दार लोटून घ्या. तिच्या मनगटावरची ती गाठ आज संध्याकाळी तूच सोड.