ट्रीटमेंट संपली, धसका संपत नाही

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहते. मुलाला एएलएल नावाचा ब्लड कॅन्सर होता. मागच्या वर्षी केमो, त्यानंतरची मेंटेनन्स ट्रीटमेंट सगळं संपलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत, शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. पण मी अजून रात्री उठून त्याच्या कपाळाला हात लावते, सॅनिटायझरचा वास आला तरी पोटात ढवळतं. मिस्टर फॉलोअपला येतच नाहीत, विषय काढला की टीव्ही लावतात. सासूबाई म्हणतात, देवाने पोरगं परत दिलं आणि तू रडतेस. मला वेड लागतंय का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. सैनिकांना होतो तो पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, आईवडिलांनाही होतो. पोटच्या पोराला जीवघेणा आजार झालाय हे कळणं हासुद्धा आघात असू शकतो, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात 1994 सालीच आलं, 2013 ला आघाताची व्याख्या कडक झाली त्यामुळे तुमचे डॉक्टर कदाचित दुसरं नाव देतील, पण नावात अडकू नका, त्रास खरा आहे. आणि बऱ्याचदा पोरं सावरतात, आईबापच मागे राहतात.

केमो चालू असताना तुम्हाला सांगितलं असेल ना, ताप 100.4 झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं? पांढऱ्या पेशी कमी असताना साधा तापही जिवावर बेततो, म्हणजे तेव्हाची तुमची धावपळ बरोबरच होती, फक्त आता ते दिवस गेलेत हे शरीराला अजून पटलेलं नाही. पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आता कुठला ताप घराजवळच्या डॉक्टरांकडे न्यायचा आणि कशासाठी थेट हॉस्पिटल गाठायचं, आणि ते त्यांच्याकडूनच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. रात्री मन खायला लागलं की ते पान वाचा.

मिस्टरांवर चिडू नका. आठवण येईल ते सगळं टाळणं हेही याच त्रासाचं लक्षण असतं, मला तर वाटतं तेही तुमच्याइतकेच घाबरलेत, फक्त बोलत नाहीत. "येत का नाही" असं विचारण्यापेक्षा "गाडी तू चालव, आत मी जाते" एवढंच म्हणून बघा.

महिन्याच्या वर हे चाललंय म्हणजे मदत घ्याच. आघातावरची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करणारी थेरपी) यांनी फरक पडतो, गरज लागली तर गोळ्याही असतात. हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, नाहीतर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटायला लागलं तर मात्र त्याच दिवशी. आणि सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा, माझ्या नावाने.