वाचकांचे प्रश्न : आजोबांचा गुन्हा, नातवाची जबाबदारी?

प्रश्न : नाझी राजवट १९४५ साली संपली. मग आज विशीत असलेल्या जर्मन मुलाने त्याबद्दल अपराधी का वाटून घ्यावं?

उत्तर : वाटून घेऊ नये. अपराध वारशात येत नाही. घोळ होतो तो अपराध आणि देणं यांची सरमिसळ केल्यामुळे. कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने युद्ध संपताच हायडेलबर्गच्या व्याख्यानांत अपराधाची फोड केली होती : फौजदारी, राजकीय, नैतिक आणि अतिभौतिक (कोर्टाच्या नव्हे, देवाच्या दारी निवाडा होणारा). फौजदारी अपराध ज्याचा त्याचा, त्याचा निवाडा कोर्टात. राजकीय जबाबदारी मात्र राज्याच्या सगळ्या नागरिकांवर येते, आणि राज्य पिढीबरोबर मरत नाही. म्हणूनच १९५२ च्या करारानुसार पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३ अब्ज मार्क देऊ केले. नाझी काळातल्या वेठबिगारांसाठी २००० साली १० अब्ज मार्कांचा निधी उभारला, निम्मा सरकारचा, निम्मा उद्योगांचा. हा पैसा उशिरा आला. तोवर कितीतरी जण वारले होते.

नामिबियात, म्हणजे जर्मनीच्या जुन्या वसाहतीत, गाडं अडलं. १९०४ ते १९०८ मधल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या संहाराला जर्मनीने २०२१ मध्ये वंशसंहार म्हटलं, ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले, पण 'भरपाई' हा शब्द टाळला. दोन्ही समाजांतले बरेच नेते त्यावर भडकले, आणि आमच्या मते रास्तच भडकले.

त्या मुलाने करायचं काय? बर्लिनच्या फुटपाथांवर वर पितळी पत्रा असलेले १० सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे बसवलेले आहेत. त्यावर नाझींच्या एकेका बळीचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं एवढंच कोरलेलं असतं. आपल्या घरासमोरचा ठोकळा काळवंडला की पुसून चकचकीत करणारे शेजारी तिथे आहेत.